पस्तीस अंशांच्या पुढचा हिशेब

नागपुरात संगणक जोडून घ्यायला निघालेल्या माणसाला पहिला सल्ला मिळतो तो असा: प्रोसेसर चांगला घ्या, रॅम वाढवा, ग्राफिक्स कार्डासाठी हात आखडू नका आणि उरलेल्या पैशांत बसेल ते कॅबिनेट उचला. बर्डीच्या दुकानात हेच ऐकायला मिळतं, कॉलेजातला जाणकार मित्र हेच सांगतो, कार्यालयांच्या खरेदीतही हेच धोरण चालतं. त्यामागचा युक्तिवाद वरवर बिनतोड आहे. कॅबिनेट म्हणजे पत्र्याचा डबा. तो आकडेमोड करत नाही, चित्र रंगवत नाही, फाइल उघडायचा वेग वाढवत नाही. मग त्यावर पैसा घालवायचा कशाला? आणि घालवायचाच असेल तर तो डोळ्यांना दिसावा, म्हणून समोर काच असावी आणि आत रंगीत दिवे असावेत. एक पक्ष कॅबिनेटला कवडीची किंमत देत नाही, दुसरा त्याला दिवाणखान्यात मिरवायची वस्तू समजतो. दोघं एकमेकांना हसतात, पण दोघंही एकच गोष्ट धरून चालले आहेत की कॅबिनेटला स्वतःचं असं काम नसतं. हे गृहीत चुकीचं आहे, आणि विदर्भात ते इतर कुठल्याही ठिकाणापेक्षा जास्त महाग पडतं.

कॅबिनेटचं काम काय, ते आधी पाहू. संगणक जेवढी वीज खेचतो तेवढी जवळजवळ सगळी शेवटी उष्णता होऊन बाहेर पडते. ती वाहून न्यायला हवा लागते, आणि किती लागते याचा हिशेब शाळेतल्या भौतिकशास्त्राच्या पलीकडचा नाही. संगणक ३०० वॉट खेचत असेल आणि आत शिरलेली हवा बाहेर पडेपर्यंत १० अंशांहून जास्त तापू द्यायची नसेल, तर दर मिनिटाला साधारण दीड घनमीटर, म्हणजे दीड हजार लिटर हवा कॅबिनेटच्या आरपार जायला हवी. १२० मिलिमीटरचा चांगला पंखा मोकळ्यावर जेमतेम एवढी हवा फेकतो. त्याच पंख्यासमोर काचेचं तावदान उभं केलं आणि हवेला कडेची बोटभर फट ठेवली, की तिचा मोठा भाग अडतो. हवा निम्मी झाली तर आतली वाढ १० वरून २० अंशांवर जाते. प्रोसेसर तोच, पंखाही तोच. फरक पडला तो पत्रा कुठे कापला आणि कुठे बंद ठेवला यामुळे. प्रोसेसरवरचा पंखा आणि त्याखालचा धातूचा उष्णताशोषक कितीही महाग आणला, तरी त्याला मिळणारी हवा कॅबिनेटच्या आतलीच असते. ती हवा आधीच तापलेली असेल तर तो तीच गरम हवा पुन्हा पुन्हा फिरवत राहतो.

हे कुणा हौशी माणसाचं मत नव्हे. ज्या इंटेलच्या प्रोसेसरवर पैसे लावा असा सल्ला दिला जातो, त्या इंटेलनेच पेंटियम ४ च्या काळात कॅबिनेट बनवणाऱ्यांसाठी मार्गदर्शिका काढली होती. त्या प्रोसेसरची उष्णता शंभर वॉटच्या घरात जाऊ लागली, तेव्हा कंपनीने अट घातली की बाहेरची हवा ३५ अंश असताना प्रोसेसरच्या पंख्यापाशी पोचणारी हवा ३८ अंशांपेक्षा गरम असता कामा नये. फक्त तीन अंशांची सूट. ती पाळण्यासाठी बाजूच्या पत्र्याला, प्रोसेसरच्या बरोबर समोर, भोक पाडून आत प्लॅस्टिकचं नळकांडं बसवायला सांगितलं गेलं. जुन्या कॅबिनेटच्या कुशीत दिसणारी गोल जाळी आणि तिच्यामागचं ते नळकांडं अनेकांनी पाहिलं असेल. प्रोसेसर बनवणारी कंपनी प्रोसेसरइतक्याच काटेकोरपणे डब्याचं तापमान ठरवून देते, आणि तरीही आपण म्हणायचं की डबा तो डबा?

या अटीतला दुसरा आकडा नागपूरकराने नीट पाहिला पाहिजे: बाहेरची हवा ३५ अंश. नामांकित कंपन्यांच्या तयार डेस्कटॉपच्या माहितीपुस्तिकेतही वापरासाठी कमाल तापमान बहुधा ३५ अंशच दिलेलं असतं. ज्या शहरात मे महिन्याचं सरासरी कमाल तापमान ४२-४३ अंशांच्या आसपास असतं, जिथे २३ मे २०१३ रोजी पारा ४७.९ अंशांवर गेला, जिथे नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले सर्वांत तापलेले नऊ दिवस, हा शब्द पंचांगातून रोजच्या बोलण्यात आला आहे, तिथे ३५ अंश ही मर्यादा नुसती ओलांडली जात नाही, ती मार्चच्या अखेरीसच मागे पडते. मे २०२४ मध्ये इथल्या एका स्वयंचलित केंद्राने ५६ अंश नोंदवले आणि देशभर बातमी झाली. पुढे हवामान खात्याने ती नोंद उपकरणातल्या बिघाडाची असल्याचं स्पष्ट केलं. इथला उन्हाळा सांगायला अशा फुगवलेल्या आकड्याची गरजही नाही. दिवसभर तापलेल्या स्लॅबखालच्या वरच्या मजल्यावर, किंवा टिनाच्या छताखालच्या दुकानात, दुपारी खोलीतलीच हवा चाळिशीला टेकते, आणि स्लॅब रात्री उशिरापर्यंत ती उष्णता परत देत राहतो. चंद्रपूर, ब्रह्मपुरी, अकोला इथलीही स्थिती वेगळी नाही. इंटेलने ज्या हवेला कमाल धरलं तिच्याही पुढे पाच अंशांवर आपला संगणक सुरू होतो. तीन अंशांची जी सूट होती ती कॅबिनेटच्या बाहेरच संपलेली असते.

यावर लगेच उत्तर येतं की एवढ्या चाचण्या बघायला मिळतात, त्यांत स्वस्त आणि महाग कॅबिनेटमध्ये चार-पाच अंशांचाच फरक दिसतो. त्यासाठी कोण पैसे मोजणार? चाचण्या खऱ्या असतात, पण त्या कुठल्या खोलीत झाल्या हे कुणी विचारत नाही. त्यांतल्या बहुतेक वातानुकूलित खोलीत, २० ते २५ अंशांच्या दरम्यान होतात. तिथे एका कॅबिनेटमध्ये प्रोसेसर ७४ अंशांवर राहिला आणि दुसऱ्यात ७९ वर, तर दोघंही सुखरूप आहेत आणि फरक नुसता कागदावरचा आहे. खोली २० अंशांनी तापली की आतला प्रत्येक भागही जवळपास तेवढाच वर चढतो. मग पहिला ९४ वर जातो आणि दुसरा ९९ वर. एएमडीच्या रायझन ७००० मालिकेतल्या बहुतेक प्रोसेसरांची मर्यादा ९५ अंश आहे, इंटेलच्या डेस्कटॉप प्रोसेसरांची बहुधा १०० अंश. त्या रेषेशी पोचताच प्रोसेसर स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतो. म्हणजे पुण्यात किंवा बंगळुरूत जो फरक दिसणारही नाही, तोच इथे हजारो रुपये जास्त देऊन घेतलेला वेग हिरावून नेतो. महागडा प्रोसेसर बंदिस्त कॅबिनेटमध्ये घालून मे महिन्यात त्याच्याकडून स्वस्त प्रोसेसरचं काम करून घेणं, याला काटकसर कशी म्हणायची?

दुसरा आक्षेप गुगलचं नाव घेऊन येतो. गुगलने २००७ मध्ये आपल्या लाखभर हार्ड डिस्कवरचा अभ्यास प्रसिद्ध केला आणि त्यात तापमान आणि बिघाड यांचा संबंध लोक समजतात तितका घट्ट दिसला नाही. उष्णतेची भीती फुगवलेली आहे, असा निष्कर्ष त्यावरून काढला जातो. पण त्याच अभ्यासात जास्त तापमानाच्या टोकाला, आणि विशेषतः तीन-चार वर्षं जुन्या डिस्कमध्ये, बिघाडाचं प्रमाण वाढलेलं दिसलं होतं. शिवाय त्या डिस्क डेटा सेंटरच्या नियंत्रित हवेत चालत होत्या. आपल्याकडे डेस्कटॉप सहा-सात वर्षं वापरतात, घरातल्या मोठ्याचा झाला की धाकट्याकडे जातो, आणि तो चालतो ते टोकाच्याच तापमानात. अभ्यासाने जिथे धोका दाखवला नेमक्या त्याच कोपऱ्यात आपण उभे आहोत. आणि हार्ड डिस्क म्हणजे सगळा संगणक नव्हे. एसएमपीएसमध्ये, म्हणजे संगणकाला वीज पुरवणाऱ्या पेटीत, आणि स्वस्त मदरबोर्डावर जे इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर असतात, त्यांच्याबाबत अभियंत्यांचा रूढ नियम असा आहे की तापमान दर १० अंशांनी वाढलं की आयुष्य निम्मं होतं. त्यांच्या आतला द्रव हळूहळू सुकत जातो. दुरुस्तीच्या टेबलावर ज्याचं डोकं फुगलेलं दिसतं तो हाच भाग. कॅबिनेटने आतली हवा दहा अंश थंड ठेवली, तर त्याने या भागांचं आयुष्य दुप्पट केलं. प्रोसेसरवर तेवढेच पैसे जास्त टाकून असा फायदा कुठे मिळतो?

मग म्हणतात, कूलर आहे की. नागपूरचा कूलर खरोखर गुणाचा आहे; एप्रिलच्या कोरड्या हवेत ताट्या ओल्या असतील तर तो खोली बाहेरच्यापेक्षा दहा-बारा अंशांनी खाली आणतो. पण कूलर माणसाच्या दिशेने लावलेला असतो आणि संगणक टेबलाखालच्या कोनाड्यात, भिंतीला पाठ लावून, तीन बाजूंनी कोंडलेला असतो. वीज गेली की इन्व्हर्टरवर संगणक आणि छताचा पंखा चालू राहतो, कूलर बहुतेक घरांत बंद पडतो. सर्वांत तापलेल्या वेळी संगणक एकटा उरतो. कूलरला खिडकी उघडी लागते आणि तिच्यातून रस्त्याची धूळ येते. पावसाळा लागला, हवेत दमटपणा भरला, की त्याची थंड करण्याची ताकदही संपते, आणि तो चालू ठेवला तर ओल तेवढी वाढते. एसीचं उत्तर देणाऱ्यांनी शाळेची संगणक खोली, झेरॉक्सचं दुकान, आपले सरकार सेवा केंद्र, कोर्टाबाहेर टायपिंग करणाऱ्याची टपरी आठवावी. तिथे एसी नाही. तिथेच संगणक सकाळपासून संध्याकाळपर्यंत अखंड चालतो, आणि तिथेच सर्वांत हलकं कॅबिनेट जातं.

आता सर्वांत प्रामाणिक आक्षेपाकडे वळतो, कारण तो इथल्या अनुभवातून आलेला आहे: समोर जाळी असलेलं कॅबिनेट म्हणजे धुळीला आमंत्रण. नागपुरात धूळ खरंच आहे. वर्षानुवर्षं कुठला ना कुठला रस्ता खोदलेला असतो, सिमेंटच्या रस्त्यांची आणि मेट्रोची कामं शहराने सोसली, उत्तरेला कोराडी आणि खापरखेड्याची औष्णिक वीज केंद्रं आणि त्यांची राख आहे, उन्हाळ्यात दुपारी झळा सुटल्या की दारं-खिडक्या बंद करूनही फरशीवर थर बसतो. म्हणून समोरून बंद कॅबिनेट घ्यावं, असं सांगितलं जातं. पण बंद तावदानामागे पंखे तर असतातच, आणि मागचा पंखा हवा बाहेर ढकलतोच. बाहेर गेलेल्या हवेची जागा घ्यायला तेवढीच हवा कुठून तरी आत येणार. समोरची वाट अरुंद केली की ती मागच्या स्लॉटच्या फटींतून, बाजूच्या पत्र्याच्या सांध्यातून, यूएसबीच्या भोकांतून येते. या एकाही वाटेवर गाळणी नसते. बंद कॅबिनेट उघडल्यावर प्रोसेसरच्या पंख्याखाली जो करडा नमदा सापडतो, तो याच वाटांनी आलेला असतो. धूळ अडवायचा उपाय हवा कोंडणं हा नव्हे. हवा ठरलेल्या वाटेनेच आत यावी आणि त्या वाटेवर गाळणी असावी, हा आहे. समोर आत ओढणारे दोन पंखे आणि मागे बाहेर टाकणारा एक अशी मांडणी केली, की आतला दाब बाहेरच्यापेक्षा किंचित जास्त राहतो आणि फटींतून हवा आत यायच्या ऐवजी बाहेर जाते. तेव्हा समोरची जाळी आणि तिच्यामागची गाळणी हीच धुळीची एकमेव वाट उरते. अगदी बारीक राख गाळणीतूनही जाते हे खरं, पण जोरात वाहणाऱ्या हवेबरोबर ती बरीचशी मागून निघूनही जाते; संथ, कोंडलेल्या हवेत ती तिथेच बसते आणि पावसाळ्यात ओल धरून घट्ट होते.

कॅबिनेट पारखण्याची खरी जागा इथे आहे, आणि दुकानात तिच्याकडे कुणी पाहत नाही. गाळणी हाताने काढता येते का? समोरची गाळणी चुंबकाने बसवलेली असेल, किंवा तावदान ओढताच हाती येत असेल, तर घरातला कुणीही ती दर पंधरा दिवसांनी नळाखाली धरून वाळवून परत लावील. तीच स्क्रूने आवळलेली असेल तर संगणकाच्या आयुष्यात ती एकदाही निघणार नाही. खालच्या एसएमपीएसची गाळणी मागच्या बाजूने सरकत असेल तर तिच्यासाठी प्रत्येक वेळी टेबल ओढावं लागतं, म्हणजे ती धुतली जाणार नाही हे आत्ताच ठरलं. ती समोरून किंवा बाजूने निघायला हवी. कॅबिनेटचे पाय एवढे उंच हवेत की खालून हवा जाईल. मागच्या रिकाम्या स्लॉटवरच्या पट्ट्या तोडून टाकायच्या आहेत की स्क्रूने परत बसवता येतात, हेही पाहायला हवं. एकदा तोडलेली पट्टी परत लागत नाही, भोक उघडंच राहतं, आणि आपल्या घरांत उघड्या भोकातून पाल शिरते. पाल एसएमपीएसपर्यंत पोचली की ती आणि एसएमपीएस दोन्ही जातात. पत्र्याच्या कडा दुमडलेल्या आहेत की हात कापतील अशा धारदार आहेत, मदरबोर्डाखालचे पितळी उंचवटे सगळे जागेवर आहेत की नाहीत, वायर मागच्या बाजूने नेता येतात की पंख्यासमोर लोंबतात, हे सगळं दोन मिनिटांत डोळ्यांना दिसतं. पण ग्राहक विचारतो तो प्रश्न दिव्यांच्या रंगाचा.

काच आणि दिवे यांवर माझा राग नाही. ज्याला आपल्या मेहनतीने जोडलेला संगणक आतून दिसावा असं वाटतं त्याने बाजूला काच जरूर लावावी. बाजूची काच हवेच्या वाटेत येत नाही. आक्षेप आहे तो समोरच्या काचेला, कारण तिथून संगणक श्वास घेतो. एनझेडएक्सटीसारख्या नावाजलेल्या कंपनीने एच५१० या समोरून बंद कॅबिनेटनंतर जाळीदार मुख असलेलं एच५१० फ्लो बाजारात आणलं. कॉर्सेअरने ४०००डी काढलं तेव्हा जाळीदार मुखाचं वेगळं एअरफ्लो रूपही दिलं. थंड देशांतले ग्राहक जाळी मागून घेत असताना आपण ४५ अंशांच्या शहरात काचेला आधुनिक म्हणावं? टेम्पर्ड काचेबद्दल आणखी एक गोष्ट सांगायला हवी, कारण दुकानात ती सांगितली जात नाही. ही काच मधोमध बरीच सोसते, पण तिची कड सिरॅमिकच्या टाइल्सवर टेकली तर क्षणात भुगा होतो. साफसफाईसाठी काढलेलं तावदान आपण नेमकं फरशीवरच उभं करतो. काढल्यावर ते गादीवर किंवा जाड कापडावर आडवं ठेवावं.

किमतीचा मुद्दा राहतो. स्वस्त कॅबिनेटसोबत एसएमपीएस फुकट मिळतो आणि सौदा पक्का होतो. त्यावर ४५० वॉट लिहिलेलं असतं, पण कुठल्या तापमानाला, हे लिहिलेलं नसतं. चांगले उत्पादक ५० अंशांच्या हवेत पूर्ण क्षमता मिळेल असं लेखी देतात. जो आकडा २५ अंशांना मोजलेला असतो तो नागपूरच्या दुपारी तेवढा राहत नाही. त्यात जुन्या पद्धतीच्या कॅबिनेटमध्ये एसएमपीएस वर बसतो आणि प्रोसेसरची वर आलेली गरम हवा स्वतःतून ओढतो. जो भाग बिघडला तर सोबत मदरबोर्ड आणि डिस्कही नेऊ शकतो, त्याला सर्वांत हलका आणि सर्वांत गरम जागी ठेवायचं, आणि वाचवलेल्या हजार-दीड हजारांचा अभिमान बाळगायचा? कॅबिनेटला हात लावल्यावर मुंग्या आल्यासारखा झटका लागतो अशी तक्रार अनेक घरांत ऐकू येते. त्याचं कारण बहुधा घरातल्या अर्थिंगमध्ये असतं: एसएमपीएसच्या गाळणी-सर्किटमधून पत्र्यावर येणारा सूक्ष्म प्रवाह जमिनीत जायला वाट मिळत नाही. तीन पिनांचा प्लग आणि खरोखर जोडलेलं अर्थिंग हाही या डब्याच्या कामाचाच भाग आहे, कारण माणसाचा हात आणि २३० व्होल्ट यांच्यामध्ये तोच पत्रा असतो.

डबा निरुपद्रवी असतो या समजुतीला एनझेडएक्सटीच्याच एच१ या छोट्या कॅबिनेटने चांगलंच उत्तर दिलं. ग्राफिक्स कार्डाची जोडपट्टी ज्या दोन स्क्रूंनी सांगाड्याला आवळली होती, त्या स्क्रूंमुळे शॉर्टसर्किट होऊन आग लागू शकते असं निष्पन्न झालं, आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये अमेरिकेच्या ग्राहक सुरक्षा आयोगामार्फत ती कॅबिनेटं परत मागवली गेली. आत प्रोसेसर कुठला होता याचा काहीही संबंध नव्हता. दोष कॅबिनेटच्या रचनेत होता, दोन स्क्रूंच्या जागेत.

म्हणून माझं म्हणणं शेंडा ते बुडखा एकच आहे: नागपुरात संगणकाची खरेदी कॅबिनेटपासून सुरू झाली पाहिजे. आधी ४० अंशांच्या खोलीत किती वॉट उष्णता बाहेर काढता येईल ते ठरवा, मग त्यात बसेल तो प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड निवडा. बजेट अपुरं पडलं तर प्रोसेसर एक पायरी खाली घ्या, समोरची जाळी, दोन पंखे आणि चांगला एसएमपीएस यांना कात्री लावू नका. शाळा, महापालिका, विद्यापीठ आणि न्यायालयं एकेका खरेदीत शेकडो संगणक घेतात. त्यांच्या निविदांमध्ये प्रोसेसरची पिढी, रॅमचा वेग, डिस्कची क्षमता असं सगळं तपशिलात येतं आणि कॅबिनेटच्या वाट्याला बहुधा एसएमपीएससह कॅबिनेट एवढी एक ओळ येते. त्या ओळीच्या जागी अट यायला हवी की ४५ अंश हवेत, पूर्ण भारावर, सलग आठ तास चालवून दाखवा आणि मगच बिल मंजूर होईल. समोरून हवा आत घेणारी जाळी, हाताने निघणारी गाळणी आणि ५० अंशांना पूर्ण क्षमता देणारा एसएमपीएस नसेल तर निविदा उघडतानाच बाद. चाचणीला नागपुरात वेगळी प्रयोगशाळा लागणार नाही. मे महिन्यातली कुठलीही दुपार आणि शाळेची बंद खोली पुरेशी आहे.